कोंडसड्याचा उसना चिरा

कोंडसड्याला येणारा पाहुणा पहिल्यांदा देऊळ पाहत नाही, भोक पाहतो. घर कौलारू असो की सिमेंटचे, दाराच्या उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर, दर्शनी भिंतीतला एक चिरा नसतो. तिथे हातभर खोल पोकळी असते. कुणाच्या पोकळीत चिमण्या असतात, कुणाच्या पोकळीत घराची किल्ली. मास्तरांच्या घरी चष्मा असतो आणि तो सापडत नाही म्हणून मास्तर घरभर फिरत असतात.

पाहुणे तर्क करतात. एका विद्वानांनी इथे तीन तास काढून, ही शत्रूवर बाण सोडण्याची भोके आहेत, असे अनुमान काढले होते. कोंडसड्यावर कुणी कधी चाल करून आल्याचे ऐकिवात नाही. येण्यासारखे इथे काही नव्हते. शेजारच्या गावचे लोक म्हणतात, या लोकांना भिंत पुरी करता येत नाही. सोयरीक जुळवताना ते हेच कारण पुढे करतात आणि मग जुळवतातही.

खरे कारण पाहायचे तर नदीच्या वळणापर्यंत चालावे लागते. तिथे देवीच्या जागेवर ओळीने सात लहान घरे आहेत. त्यांचे चारही कोपरे जांभ्याच्या चिऱ्यांचे आहेत आणि मधल्या भिंती मातीच्या. कोपऱ्यातला एक चिरा दुसऱ्यासारखा नाही. कुठला काळपट, कुठला तांबडा, कुठल्यावर जुना चुना, कुठल्यावर कुणाच्या तरी लग्नातला गेरू. पहिल्या घराच्या ईशान्य कोपऱ्यात सगळ्यात खाली एक कोरीव चिरा आहे. त्यावर कमळ आहे. ते पाहायला गुडघे टेकावे लागतात. या गोष्टीतली निम्मी गंमत त्या गुडघे टेकण्यात आहे.

मी चौतीस वर्षे जमिनीच्या दप्तरात कारकुनी केली. या सात घरांचा मालक कोण, या रकान्यात काय लिहायचे हे मला शेवटपर्यंत कळले नाही. माझ्या आधीच्या कारकुनाने तिथे आडवी रेघ मारली होती. मीही तीच रेघ गिरवली. पण रेघेमागची हकिकत अशी सांगतात.

फार वर्षांपूर्वी कोंडसड्यात त्रेचाळीस घरे होती आणि एक आवडी सुईण होती. तिचे घर धरून चव्वेचाळीस म्हणता आले असते, पण तिला घर नव्हते. गावातले प्रत्येक माणूस तिच्या उजव्या हातावर जन्मले होते, म्हणजे गावातले प्रत्येक घर तिने आतून पाहिले होते. राहायची मात्र ती कुणाच्या तरी गोठ्याच्या पडवीत. बदल्यात त्या घरचे भात कांडायचे, अंगण सारवायचे. गाय व्यायला झाली की घरची बाई म्हणायची, "आवडे, गाईला जागा हवी गो." की आवडी आपले गाडगे-मडके उचलून पुढच्या पडवीत. वर्षातून तीन-तीन वेळा तिची बिऱ्हाडे बदलत. गाईंनाही हे ठाऊक झाले होते म्हणे; ती दिसली की त्या हंबरत.

तिची एकुलती मुलगी मंजुळी खाडीपलीकडे दिली होती. जावई गलबतावर होता. एका वर्षी गलबत गेले ते आलेच नाही, आणि माघात मंजुळी आठ महिन्यांची पोटुशी होऊन आईकडे परत आली. तेव्हा आवडी विसाजी खोतांच्या गोठ्याला होती.

खोत वाईट माणूस नव्हता, असे सगळे सांगतात. ज्याच्याबद्दल हे वाक्य मुद्दाम सांगावे लागते, तसा होता. त्याला एकच व्यसन होते, मानाचे. देवीचा पहिला नारळ त्याचा, पालखीचे पहिले थांबणे त्याच्या अंगणात, पंगतीत पहिले पान त्याचे. एकदा गावात पटकीची साथ आली तेव्हाही पहिला आजारी खोतच पडला, आणि त्याबद्दल कुणाला आश्चर्य वाटले नाही.

मंजुळीला पाहून खोतीणबाईंनी बोटांवर हिशेब केला. माघ, फाल्गुन. दिवस भरणार ते ऐन शिमग्यात. आमच्याकडे बाळंतपणाच्या विटाळाला सुवेर म्हणतात, आणि ज्या घरी सुवेर त्या घरी शिमग्याची पालखी जात नाही. स्वतःच्या सुनेचे सुवेर असले तर इलाज नाही. पण सुईणीच्या लेकीपायी खोतांच्या अंगणाबाहेरूनच पालखी परत वळायची?

"आवडे, तुला मी कधी नाही म्हटलंय का?" खोतीणबाई म्हणाल्या. "पण ह्या महिन्यापुरतं दुसरीकडे बघ."

आवडीने दुसरीकडे पाहिले. मग तिसरीकडे. सगळ्यांनी तिला पाट दिला, गुळाचा खडा दिला, मंजुळीच्या नवऱ्यासाठी डोळ्यांना पदर लावला आणि सांगितले, "आमचा काय गो, पण पालखी येते ना." बेचाळीस घरे झाली. त्रेचाळीसावे राघो गवंड्याचे. तिथे ती गेलीच नाही. राघोला आठ माणसांत दीड खोली होती.

त्या दोघी मायलेकी देवळाच्या मागे आंब्याखाली जाऊन बसल्या. आवडीने तीन दगडांची चूल मांडली. भांडली नाही, रडली नाही. त्यामुळे गावाची फार पंचाईत झाली. देवळात जाणाऱ्या प्रत्येकाला देवीच्या आधी ती दिसायची.

आठव्या दिवशी गावकी बसली. जागा देवीची आहे, वळणावर घर बांधून देऊ, प्रत्येक घराने चिरे द्यावेत, असे ठरले. खोताने विचारले, "पहिला चिरा कुणाचा?" सगळे म्हणाले, तुमचाच. गावकी उठली.

दुसऱ्या दिवशी वळणावर चिऱ्यांचा डोंगर झाला. इतके दान कोंडसड्याने त्यापूर्वी कधी केले नव्हते, कारण परसात पडलेले टाकाऊ चिरे त्यापूर्वी कुणी मागितलेच नव्हते. तडकलेले आले, निम्मे आले, धुण्याचे आले, पडक्या विहिरीचे आले. चिरेखाणीत नापास होऊन पडलेलेही आले. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वर्षानुवर्षे वारा खाऊन तो कठीण होतो. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण तो कठीण होईपर्यंत थांबायला मंजुळीला वेळ नव्हता आणि गावाला गरज नव्हती. खोताकडून वाजतगाजत पहिला चिरा आला. तो डुकराच्या खुराड्याचा नव्हता एवढेच त्याच्याबद्दल सांगता येते.

राघो गवंड्याने ढिगाकडे पाहिले. "ह्या चिऱ्यांची भिंत होईल," तो म्हणाला, "पण घर..."

"बांध रे तू," सगळे म्हणाले. "फुकटच्या घराला नक्षी लागत नाही."

राघोने बांधले. पाच दिवसांत भिंती उभ्या राहिल्या. पडायला वादळ लागले नाही. सहाव्या दिवशी दुपारी खोताच्या म्हशीने तिथे पाठ घासली. आत आवडी जमीन सारवत होती. भिंत तिच्या उजव्या हातावर आली.

माणसे धावली. तिला बाहेर काढले. मनगटापासून हात लोंबत होता. मंजुळी अंगणात उभी होती, दोन्ही हात पोटावर धरून. आता तिचे दिवस भरल्यावर कोण, हा प्रश्न तिने विचारला नाही, पण तो सगळ्यांना ऐकू आला.

वैदूने हात बांबूच्या कामट्यांत बांधला. आवडी आंब्याखाली टेकून बसली होती आणि त्रेचाळीस घरची माणसे समोर उभी होती. तेव्हा ती जे बोलली ते कोंडसड्यात लहान मुलांनाही पाठ आहे.

"माझ्या हातावर पडला तो चिरा मी वळखला. गावकरांच्या न्हाणीतला. सुनेचं बाळंतपण केलं तेव्हा त्याच्यावरच कपडे धुतले होते, तेव्हाच तडा होता त्याला." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुमच्या घरात मी कधी उरलेला हात घेऊन आले नव्हते रे."

त्यावर पहिला शब्द खोताने घेतला नाही, आणि हा त्या दिवसातला खरा चमत्कार होता असे काहींचे मत आहे.

राघो घरी गेला. त्याने पहार घेतली आणि आपल्याच दर्शनी भिंतीतला, दाराशेजारचा, छातीच्या उंचीवरचा एक चिरा सांध्यांतून मोकळा करायला लागला. चाळीस वर्षे वारा खाल्लेला, वाजवला तर घंटेसारखा वाजणारा. त्याची बायको जानकी बाहेर आली.

"भांग घेतलाव काय? घर पाडताव?"

"एकानं पडत नाही."

"कशावरून?"

"वरचे चिरे एकमेकांवर रेलतात. एक गेला तर बाकीचे त्याचा भार वाटून घेतात. इतकी वर्षं भिंती बांधतोय, एवढं तरी कळतं मला."

"मग परसातल्या भिंतीतला काढा. समोरून घर बोडकं दिसंल."

"परसातलंच दिलं होतं गं आपण," राघो म्हणाला. जानकी पहार धरायला आली.

डोक्यावर चिरा घेऊन राघो भर गावातून वळणाकडे गेला. कुणाला काही सांगितले नाही. पण लोक त्याच्या दाराशी येऊन भोकात हात घालून पाहू लागले. घर उभे होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणखी चार घरांच्या भिंतींना भोके पडली. गावकराने तर आपल्या देवघरालगतचा चिरा काढला. भिंत पडल्यापासून तो जेवला नव्हता. संध्याकाळी बेचाळीस चिरे झाले.

खोताचा आला नाही.

मग गावकर, फार साधेपणाने, खोताच्या ओसरीवर जाऊन म्हणाला, "खोतानू, तुमचा नसला तरी चालंल. मग पहिला चिरा माझा धरू ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल वाजले. खोताच्या दर्शनी भिंतीत कमळे कोरलेले दोनच चिरे होते, दाराच्या दोन बाजूंना. त्यातला उजवीकडचा चौघे जण वाहून आणत होते आणि पुढे खोत चालत होता.

राघोने आदल्या रात्रीच गणित मांडले होते. त्रेचाळीस चिऱ्यांत चार भिंती होत नाहीत, पण चार कोपरे होतात. एकेका कोपऱ्याला दहा, उरलेले तीन उंबऱ्याला. मधे कुडाच्या मातीच्या भिंती, वर गवत. भार सगळा कोपऱ्यांवर.

"खोतानू," तो म्हणाला, "कमळ आहे, वरती बसवू का? येणाऱ्याजाणाऱ्याला दिसंल."

"पहिला मान माझा," खोत म्हणाला. "पहिला म्हणजे पहिला."

"बघा हां."

"बघायचं काय त्यात?"

तेव्हा ईशान्य कोपऱ्यात सगळ्यात आधी, सगळ्यात खाली, खोताचा चिरा बसला. त्यावर गावकराचा, त्यावर गुरवाचा, असे नऊ. दहावा राघोचा.

शिमग्याला अजून अवकाश होता. घर सात दिवसांत झाले. या वेळी गवत चांगले आले, वासे सरळ आले, आणि खोतीणबाईंनी कुणाला न सांगता पाळण्याची दोरी पाठवली. शिमग्याच्या दोन दिवस आधी मंजुळीच्या कळा सुरू झाल्या. आवडीचा हात कामट्यांत. ती उशाशी बसून सांगत होती आणि जानकी व आणखी तिघी जणी तसे करत होत्या. जिच्या हातांनी त्या चौघींची मुले झाली होती, तिच्या शब्दांनी चौघींनी तिची नात हातावर घेतली. मुलगी झाली. कोंडसड्यात मुलगी झाल्यावर साखर वाटल्याची ती पहिली वेळ, असे म्हणतात. मीही ते तपासून पाहिलेले नाही.

मग शिमग्याची पालखी निघायची वेळ झाली आणि गुरवाने जाहीर केले, "वळणावरच्या घरी सुवेर आहे. पालखी तिकडे जाणार नाही."

राघोने विचारले, "घर कुणाचं?"

"आवडीचं."

"तिचा एक चिरा नाही त्यात. चिरे तर आमचे."

गुरवाने बोट उचलले आणि ते तसेच राहिले. पोर जन्मली ती त्रेचाळीस घरांच्या चिऱ्यांत. म्हणजे सुवेर त्रेचाळीस घरांना. म्हणजे पालखी कुणाच्याच घरी जात नाही. म्हणजे, तिसरा चिरा आपला, आपल्याला पालखीला हातही लावता येत नाही. गुरवाने देवीला हात जोडले. शेवटी म्हणाला, "सगळ्यांना असेल तर कुणालाच नाही." एवढा सोयीचा निर्णय कुठल्या पोथीत नाही. तो गुरवाने जागच्या जागी केला आणि अजून कुणी खोडलेला नाही.

पालखी उठली. नेहमीप्रमाणे ती खोताच्या अंगणाकडे वळायची. पण चौकात आली आणि जड झाली, म्हणे. खांदे वाकले. मग आपोआप फिरली, थेट नदीच्या वळणावर गेली आणि त्या लहान घराच्या उंबऱ्यापुढे टेकली. ओल्या बाळंतिणीने आतूनच हात जोडले. आवडीने डाव्या हाताने ओटी भरली. देवीनेच कौल दिला, असे सांगतात. पालखीच्या पुढच्या दांड्याला त्या वर्षी राघो होता, हेही सांगतात, पण जरा हळू आवाजात.

आजवर पहिले थांबणे खोताचे होते. खोत तरातरा वळणावर आला. मागे पहारी घेतलेले दोघे गडी.

"माझा चिरा मला परत पाहिजे. मी दिला नव्हता, उसना दिला होता."

आतून पोर रडायला लागली. मंजुळीने तिला छातीशी घेतले आणि ती कोपऱ्याकडे पाहत राहिली. तो चिरा निघाला तर कोपरा जाणार, कोपरा गेला तर आढे. गाव जमले.

गावकर पुढे झाला. "बरोबर आहे. आम्हीही उसनाच दिलाय. ज्याचा चिरा त्यानं कधीही न्यावा. काय रे?"

"कधीही न्यावा," सगळे म्हणाले.

"फक्त," गावकर म्हणाला, "तुमचा नेताना आमचा हलता कामा नये. आम्ही दिलाय तो आम्ही अजून परत मागितलेला नाही."

खोताने वाकून पाहिले. मग गुडघे टेकून पाहिले. कमळावर नऊ घरे बसली होती आणि नवांवर छप्पर. गड्यांनी पहारी खाली ठेवल्या. एक जण मिशीतल्या मिशीत हसला आणि त्याने खोकल्याचे सोंग केले.

आवडी दारात आली होती. "खोतानू," ती म्हणाली, "चिरा तुमचाच हाय. मी रोज सकाळी त्याच्यावर पाणी घालते. कुणी विचारलं तर तुमचंच नाव सांगते."

खोत घरी गेला आणि त्याने राघोला बोलावले. "भिंतीतलं हे भोक बुजव."

"बुजवतो," राघो म्हणाला. "पण मग चिरा परत आणल्यावर बसवणार कुठे? लोक म्हणतील, खोतांनी हक्क सोडला."

खोताने विचार केला आणि भोक तसेच ठेवले. हक्क सोडायचा नाही म्हणून. खोताने बुजवले नाही म्हणून गावकराने बुजवले नाही, गावकराने नाही म्हणून कुणीच नाही. ज्याच्या भिंतीत भोक आहे त्याचा चिरा वळणावर आहे, आणि उसना आहे. त्यामुळे ते घर कुणाला विकता येत नाही, कुणाला बळकावता येत नाही, आणि त्यात राहणाऱ्याला कुणा एकट्याला हुसकता येत नाही. आमच्या दप्तरात मी शेकडो खरेदीखते पाहिली, शिक्क्यांनी भरलेली. या भोकाइतके पक्के एकही पाहिले नाही.

पुढे आठ-दहा वर्षांनी चैत्रात खोताच्या घराला आग लागली. माळा गेला, तुळया गेल्या, तापलेल्या भिंतींवर विहिरीचे पाणी पडले आणि त्या तडकल्या. दुसरे कमळ दुभंगले. खोत, खोतीणबाई आणि धाकटी सून, तीही पोटुशी, अंगणात उभी राहिली. गावात आणखी बेचाळीस घरे होती आणि सगळ्यांनी या म्हटले. पण खोताला कुणाच्या ओसरीवर जाऊन बसवेना. उभ्या जन्मात तो दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला होता, गरजू म्हणून नाही.

तेव्हा आवडी आली. तिचा हात बरा झाला होता, पण वाकडाच राहिला होता. "खोतानू, चला," ती म्हणाली. "कोपरा तर तुमचाच हाय."

आपल्याच चिऱ्याकडे चाललो आहोत, असे म्हणता येत होते, म्हणून तो गेला. दोन पावसाळे ती सगळी त्या घरात राहिली. खोताचा नातू तिथेच जन्मला, आवडीच्या वाकड्या हातावर. नवे घर बांधताना राघोने विचारले, "दाराजवळ काय करू?" खोत म्हणाला, "एक चिरा सोडून बांध." आणि सोडलेला चिरा त्याने वळणावर पाठवला, ढोल न वाजवता. दुसऱ्या घराचा तो पहिला चिरा. या वेळी तो कुठे बसवायचा ते त्याने राघोवर सोडले.

तेव्हापासून कोंडसड्यात जो नवे घर बांधतो तो दर्शनी भिंतीतला एक चिरा सोडतो आणि वळणावर देतो. त्रेचाळीस जमले की एक घर होते. सिमेंटचे घर बांधणाराही चिरा विकत आणून, वर्ष-दोन वर्षे अंगणात वाऱ्याला ठेवून, मगच देतो; शहरातून आलेला इंजिनिअर नकाशावरचे भोक पाहून चूक समजतो आणि त्याला ही गोष्ट ऐकावी लागते. विधवा, पुरात घर गेलेला, नव्याने आलेली नर्सबाई, ज्याला छप्पर नाही तो तिथे राहतो, स्वतःचे होईपर्यंत. भाडे एकच. शिमग्याच्या सकाळी राहणाऱ्याने प्रत्येक चिऱ्याला हात लावून तो कुणाचा ते मोठ्याने म्हणायचे. त्रेचाळीस नावे. कुणी चुकला तर बाहेर उभे असलेले गाव सांगते. सात घरे पुरी आहेत. आठव्याचे नऊ चिरे देवळामागे आंब्याखाली रचलेले आहेत, येताना तुम्ही ज्यांवर बसून पाणी प्यालात ते.

आजही शिमग्याची पालखी पहिल्यांदा वळणावर टेकते आणि मग खोतांकडे जाते. खोतांचे आताचे वंशज, पेन्शनीत निघालेले गृहस्थ, तोवर धोतर नेसून आपल्या भिंतीतल्या भोकाशी उभे असतात. तुम्ही विचारलेत तर तुम्हालाही सांगतील, फार गंभीरपणे, की वळणावरचा कमळाचा चिरा आमचा आहे, दिलेला नाही, उसना आहे, आणि तो आम्ही परत मागणार आहोत.

"कधी?" म्हणून विचारा. ते म्हणतात, "यंदा घरात माणसं राहतायत. पुढच्या वर्षी बघू."